पळायची वाट

परसातली वाळलेली निलगिरी पाडायला आज माणूस आला. साखळीची करवत त्याने कुंपणाशी ठेवली आणि आधी माझ्या कुंड्याच हलवायला लागला. मला रागच आला.

"अहो, झाड मोकळ्या प्लॉटकडे पाडणार ना? मग इकडच्या कुंड्या कशाला?"

"ताई, झाड तिकडंच पडेल. पण पडताना बुंधा कधीकधी मागं उसळतो. तेव्हा मला इकडून पळायचंय. ही वाट मोकळी झाल्याशिवाय मी मशीन चालू करत नाही."

मी खिडकीशी उभी राहिले. आई अंथरुणाला खिळली तेव्हा मी चार दिवसांसाठी म्हणून इथे आले होते. मग शहरातली खोली सोडली, नोकरी सोडली, मैत्रिणींना फोन करणंही हळूहळू सुटलं. मुलगी असावी तर अशी, असं सगळे म्हणाले. ते ऐकताना बरं वाटायचं. आपल्यामागची वाट बुजत चाललीये, हे बघायचं मात्र राहूनच गेलं.

झाड कलायला लागलं तसा तो करवत बंद करून तिरका मागे सरला. निलगिरी धाडकन पडली. बुंधा उसळला आणि तो माणूस क्षणापूर्वी जिथे उभा होता तिथेच आपटला.

हेल्मेट काढून त्याने विचारलं, "कुंड्या परत जागेवर लावू?"

तेवढ्यात आतून आईची हाक आली. "आले गं," मी म्हणाले आणि वळता वळता त्याला सांगितलं, "नको. ती वाट राहू दे तशीच."