अटकणारी रेकॉर्ड

परदेशातल्या एका रॉक गायकाची रेकॉर्ड मागवली तेव्हा मी घरात किंमत सांगितली नाही. सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाने काही गोष्टी पोटात ठेवाव्यात. कुरियरवाल्याला आमच्या मुर्री गावातलं घर सापडेना. दोनदा हिंदीत फोन करून शेवटी तो पाकीट पिठाच्या चक्कीवर ठेवून गेला.

आत रेकॉर्डच्या करामती समजावणारा कागद होता. ही रेकॉर्ड आतून बाहेर वाजते. मधल्या कागदी चकतीखाली एक गाणं लपवलंय. ते ऐकायचं तर सुई कागदावरच ठेवायची, म्हणजे सुईचा निकाल. तिरपी बॅटरी मारली की फिरत्या रेकॉर्डवर घुबड उडतं. मी मारली. घुबड दिसलं, पण बसलेलं. आणि पहिल्या बाजूचं शेवटचं गाणं संपतच नाही. काठावरच्या रेघेत सुई गोल गोल फिरते आणि तेच दोन शब्द येत राहतात, कुणी उचलेपर्यंत. एवढ्यासाठी जगभर लोकांनी रांगा लावल्या म्हणे. त्या रांगेत मुर्रीतून मी होतो.

वाजवायचं यंत्र बाबांचं. त्यांचा लाऊडस्पीकरचा धंदा होता. तिरोड्यापासून नागऱ्यापर्यंत, लग्न असो की जयंती, भोंगे त्यांचेच. सुई अटकली की अख्खा मांडव माईकवाल्याकडे वळून बघतो, ही त्यांची जन्माची धास्ती. जेवत्या पानावरून उठून धावायचे.

मागच्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, मग बरीचशी परतली. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई म्हणायच्या, पाय तयार आहेत, आता चालायला हवं. बाबा तयार नव्हते. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडायचे. "कायले चालू? जायाचं कोठी हाय मले?" असं विचारायचे. ते असेच पडून पडून संपतील, याची मला भीती वाटायची आणि त्यांचा रागही यायचा.

एका रविवारी दुपारी मी रेकॉर्ड लावली आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेलो. गायक त्या दोन शब्दांवर आला आणि तिथेच राहिला, कागदात लिहिल्याप्रमाणे.

"सुई अटकली ना बे," बाहेरून बाबा म्हणाले.

"येतो." दूध उतू जात होतं.

"अटकून राहिली. आयकू येत नाही का तुले?"

मग गाणं थांबलं. बाहेर आलो तर बाबा यंत्रापाशी उभे. डावा हात टेबलावर, उजव्या हातात सुईचा दांडा. खाटेपासून टेबल सहा पावलं. काठी खाटेलाच टेकलेली होती.

"लोकं काय म्हनतीन," ते म्हणाले. लोक म्हणजे मी आणि शेजारच्यांची म्हैस.

कागदात काय लिहिलंय ते मी सांगितलं नाही. रोज ऑफिसातून आलो की तीच बाजू लावायचो आणि काहीतरी काम काढून आत जायचो. बायको म्हणाली, "म्हाताऱ्या माणसाला फसवून राहिले तुम्ही." मी हो म्हटलं. आठवडाभराने यंत्र दाराशी सरकवलं. सहाची अकरा पावलं झाली.

मग एका संध्याकाळी मी रेकॉर्ड पुसत असताना बाबांनी विचारलं, "एवढी नवी रेकार्ड. रोज एकाच जागी काऊन अटकते?"

मी पुसतच राहिलो.

"चाळीस वर्सं धंदा केला मी. ते अटकत नाही, तशीच बनवली हाय. पहिल्याच दिवशी समजलं मले."

मी रेकॉर्ड उलटी केली. "मग दुसरी बाजू लावू का, बाबा? ती नीट संपते."

बाबांनी खाटेवर बसून पाय खाली सोडले आणि चपला शोधल्या.

"नको. हेच लाव," ते म्हणाले. "आन् मशीन आनखी थोडी दूर ठेव."