पुतळ्यामागची जागा

"गुरुजी, मुंडी खाली! तुमचं डोस्कं फोटोत येऊन राहिलं!"

फोटोवाला ओरडला. गर्दीतून कोणीतरी भर घातली, "पुतळ्याले दोन मुंड्या दिसून राहिल्या ना बे!" हशा पिकला. सिहोऱ्याच्या चौकात आमच्या जुन्या पुढाऱ्याची जयंती होती आणि मी शिडीवर होतो.

पुतळा उंच. पाहुणे खालूनच हाराला हात लावतात. चढून तो गळ्यात घालायचा मी. मग फोटोपुरतं पुतळ्यामागं लपायचं. आधी हे काम माझ्या बापाचं. आजा या पुढाऱ्याच्या छापखान्यात यंत्राचं चाक फिरवायचा, म्हणून समिती म्हणते, हा तुमच्या घरचा मान. पण मानाच्या खुर्चीवर नाल्यापलीकडच्या आमच्या वस्तीतलं कोणी कधी बसलं नाही. मी मास्तर झालो, तरी शिडी सुटली नाही. वर्षानुवर्षं मुकाट वाकलो. तो दोष माझा.

आणि वर्गात काय शिकवत होतो? या माणसानं इंग्रजांच्या काळात स्वतःचं साप्ताहिक काढलं. कौन्सिलात सरकारला जाब विचारला. साहेबानं सांगितलं, पहिल्या पानावर माफी छाप. यांनी तेवढी जागा कोरी सोडून अंक काढला आणि तुरुंगात गेले. हे सांगताना माझा आवाज चढायचा.

त्या दिवशी लपताना पुतळ्याच्या पाठीवरल्या कबुतरांच्या घाणीला नाक लावायची वेळ आली, तेव्हा ती कोरी जागा आठवली. मी वाकलो नाही.

"काहून अडून राहिले, गुरुजी?" अध्यक्ष खालून म्हणाले. "तुमच्या आज्यानं असं केलं नसतं."

"म्हणूनच मी करून राहिलो, भाऊसाहेब."

हशा थांबला. फोटो निघालाच नाही. उतरताना शिडी धरायला कोणी नव्हतं. मग समितीच्या पंगतीत जेवताना माझ्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. रोज माझ्या गाडीवर मागं बसून शाळेत येणारा, वस्तीतलाच एक मास्तर, त्या दिवशी दुसऱ्याच्या गाडीवर बसला. "एवढ्याशा गोष्टीसाठी कायले वाकडं घेतलं, दादा?" म्हणाला आणि गेला. धानाच्या बांध्यांमधून एकटाच घरी आलो. मागची सीट रिकामी. अजूनही रिकामीच असते.

समितीचा निरोप आला आहे. पुढल्या वर्षी शिडीवर दुसरा माणूस पाहू.

पाहा. मी माझा हार आणीन. शिडीही माझीच. चढेन, माझ्या हातानं घालीन आणि चौकाकडे तोंड करून उभा राहीन. खाली कोणी नसलं तरी.