बॉनेटखाली कूलरचं गवत

नाव : माणिकबाई किसनराव उंबरकार. राहणार : तेल्हारा, जिल्हा अकोला. वय : साठीच्या पुढे, नेमके विचारल्यास उलट विचारणाऱ्याचे विचारले जाते. व्यवसाय : फुलशेती व हुज्जत. पती : हयात, मत मांडण्यास अपात्र, मोटार चालविण्यास पात्र. जंगम मालमत्ता : कूलर एक, लोखंडी, सुस्थितीत, अँबेसडर मोटार एक, पांढरी, भंगारात काढण्यायोग्य.

सदर नोंद मुलगा किशोर याच्या सांगण्यावरून. किशोर सरकारी कचेरीत होता, त्यामुळे कोणतीही वस्तू दिसली की ती निकाली काढावी असं त्याला वाटे.

मोटार बरीच वर्षं गोठ्यात उभी होती आणि तिच्या मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत. माणिकबाई याच गाडीतून नवरी होऊन या घरात आल्या होत्या. नात, म्हणजे किशोरची मुलगी आकांक्षाही, याच गाडीतून अकोल्याच्या मांडवात जाणार, हे त्यांनी परस्पर ठरवलं. आकांक्षा हो म्हणाली, तेव्हा किशोरला फक्त अट घालणं उरलं.

"ठीक हाय, माय. पन गाडी रस्त्यात बंद पडली, नाईतर बॉनेटचा रंग पुन्हा फुगला, त लग्नाच्या दुसऱ्या दिवशी भंगारवाला येईन. मी त्याले सांगून ठेवलं हाय."

"पुन्हा" हा शब्द किशोरने मुद्दाम वापरला होता. इंजिन दुरुस्त झालं, रंग झाला, आणि पहिल्याच फेरीत बॉनेटचा नवा रंग पापडासारखा फुगला. बॉनेटच्या आतल्या बाजूला उष्णता अडवणारी एक गादी असते. ती उंदरांनी कधीच खाऊन टाकली होती. रंग पुन्हा करून झाला. प्रश्न राहिला तो गादीचा.

आता, या जिल्ह्यात उन्हावर एकच इलाज माणसाला ठाऊक असतो, तो म्हणजे ओलं गवत. मार्च ते जून बँका, दवाखाने, पानटपऱ्या, नवे जावई, सगळेच कूलरच्या ओल्या गवतामागे बसलेले असतात. जे जावयाला चालतं ते इंजिनला चालेल, असा माणिकबाईंचा हिशेब. त्यांनी किशोरच्या खोलीतल्या कूलरचं गवत उपसलं, जाळीसकट बॉनेटखाली तारेनं आवळलं, वरून बादलीभर पाणी मारलं आणि किसनरावांना म्हणाल्या, "चाला."

गाव सुटेपर्यंत गवत वाळलं. पहिल्या चहाच्या टपरीपाशी बॉनेटच्या फटीतून धूर येऊ लागला. टपरीवाल्यानं रांजणातलं पाणी ओतलं आणि विचारलं, "काकू, हुर्डा भाजून राहिल्या का? हंगाम त गेला!"

"तुहा चहा कधी गरम नसते, म्हून आपली आग संगं आनली," माणिकबाई म्हणाल्या. पण बॉनेट उघडताना त्यांनी आधी रंग पाहिला. रंग वाचला होता. जळकं गवत त्यांनी तिथंच उपसून फेकलं आणि किसनरावांना गाडी घराकडे वळवायला लावली.

घरी किशोर गवत नसलेल्या कूलरसमोर घाम पुसत बसला होता. "माय, आता तरी ऐक. गाडीचं वय झालं."

"माहंही झालं. माह्यासाठी कोनाले सांगून ठेवलं, ते बी सांग."

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गारव्यात, किसनरावांना चालवायला बसवून, त्या मोटारीनं अकोल्याला, जुन्या शहरातल्या बंडू मिस्त्रीकडे गेल्या. बंडूनं गाद्यांचे तीन तुकडे टेबलावर मांडले. एक फोमचा, वर चंदेरी चमकी. दुसरा तागाचा नमदा, म्हणजे दाबून जाड केलेला थर. तिसरा काचेच्या बारीक धाग्यांचा, पातळ, त्यालाही चंदेरी चमकी.

"फोमवाला घ्या, काकू. लई चालते. गोंद लावला की झालं."

"कुठं चालते?"

"समदीकडं."

"तुह्या घरी गॅस हाय ना? तवा आन."

"तवा?"

"आन म्हनते त आन. आन थोडं लोनी."

तवा आला, लोणीही आलं. माणिकबाईंनी तवा तापवला आणि भाकरी टाकावी तसा फोमचा तुकडा त्यावर टाकून वर लोण्याची गोळी ठेवली. लोणी वितळायच्या आधी फोमच आक्रसला आणि असा वास सुटला की शेजारच्या अत्तरवाल्यानं शटर खाली ओढलं.

"हे नवरीच्या नाकासमोर लावू म्हन्तो?"

तागाचा तुकडा बराच टिकला, मग कडेनं तपकिरी होऊन जळक्या पोत्यासारखा वास देऊ लागला. बंडूला तो आवडता होता. "ओरिजनल हेच असते, काकू. जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात याच्याबिगर नंबर कटतात."

"मले नंबर नाई आनाचा. नवरी पोचवाची हाय. आन तागाले उंदरं पुन्हा लागतीन, ते तुह्या प्रदर्शनातले थोडीच हायत."

काचेच्या धाग्यांच्या तुकड्यावर लोणी उशिरापर्यंत गोळीच राहिलं. माणिकबाईंनी मान हलवली नाही. फक्त तवा उतरवला. बंडूनं त्यातलंच जाड माप लावून पाहिलं तर बॉनेट बंद होईना. खाली इंजिनावरच्या एअर क्लीनरच्या डब्याला घासत होतं. पातळ बसलं. चमकी इंजिनाकडे. गोंदाला मात्र त्यांनी साफ नकार दिला. बॉनेटच्या आत जुन्या क्लिपांची भोकं होती, त्यातच क्लिपा मारायला लावल्या. "गोंद वितळला म्हंजे गादी पंख्यात पडते. तवा पाह्यला ना तू?"

"पाह्यला, माय," बंडू म्हणाला. मघाशी त्या काकू होत्या.

लग्नाच्या दिवशी ऊन असं होतं की पाव्हणे एकमेकांच्या सावलीत उभे राहत होते. किसनराव गाडी चालवत होते. मागे आकांक्षा, शेजारी माणिकबाई, पुढे किशोर. रेल्वे फाटकावर गाडी अडकली. गाड्यांची रांग, फाटक काही उघडेना, इंजिन चालूच, आणि किशोर बॉनेटकडे टक लावून. शेवटी तो उतरला, पुढे गेला, बॉनेटवर पंजा टेकवला आणि ओरडून मागे घेतला.

"पाह्य, माय! तापलं!"

माणिकबाईंनी खिडकीतून मान काढली. "वरून तापलं, लेका. सूर्याले बी गादी लावू का?"

आकांक्षा मुंडावळ्यांसकट हसली. किशोरनं शेजारच्या नव्या जीपच्या बॉनेटवर हात ठेवला आणि तोही तसाच मागे घेतला. फाटक उघडलं. किसनरावांनी गाडी हलवली आणि मांडवाच्या दारात थांबवली. बॉनेटवर झेंडूची माळ होती. किशोरनं ती उचलून खालचा रंग पाहिला, बोटानं दाबून पाहिला आणि माळ परत जागेवर नीट ठेवली.

भंगारवाल्याला नको म्हणून कळवायचं राहून गेलं, तो दुसऱ्या दिवशी आला. त्यानं माणिकबाईंच्या सांगण्यावरून बिनगवताचा कूलर नेला.