तिसऱ्यांदा विचारण्याआधी

आर्डिस स्कोग्मोबद्दल वर्लिन टोलेफसनला खरं तर फार थोडं ठाऊक होतं. मिनेसोटातल्या एकाच गावात दोघांचं आयुष्य गेलं. चर्चच्या गायकवृंदात तो तिच्या मागच्या रांगेत उभा राहायचा, म्हणजे तिची मान आणि करडे केस त्याच्या चांगल्या ओळखीचे होते. ती शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती, नवरा लवकर गेला होता. शनिवारी दुपारी तिच्याकडे कुणी जात नसे, कारण तेव्हा ती रेडिओवर न्यूयॉर्कचा ऑपेरा ऐकत इस्त्री करायची. गावाला एवढीच माहिती होती. वर्लिनलाही त्याहून जास्त नव्हती.

मार्चमध्ये चर्चने न्यूयॉर्कची सहल काढली. सगळी पेन्शनीतली माणसं. नदीपलीकडच्या एका चर्चच्या तळघरात खाटा टाकून झोपायचं, सकाळी पावाला शेंगदाण्याचं लोणी फासून पिशवीत भरायचं आणि दिवसभर पायी हिंडायचं. फुकटच्या बोटीतून स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा बघून झाला, बाग झाली, दुकानांच्या काचा झाल्या. एका कॉफीत दोघं-दोघं भागवत होते. आर्डिस सगळ्यांबरोबर हिंडत होती, पण तिचं लक्ष शनिवारावर होतं. त्या शहरातलं तिला एकच हवं होतं. जे इतकी वर्षं स्वयंपाकघरात ऐकलं, ते एकदा ऑपेराच्या इमारतीत बसून ऐकायचं.

पाद्रीबाईंनी वर्लिनला बाजूला घेतलं. आर्डिसला एकटीला सोडू नका म्हणाल्या. शनिवारीच संध्याकाळी परतीची बस निघणार होती, ती कुणासाठी थांबणार नव्हती. वर्लिन हो म्हणाला. गावाबाहेर तो धान्याच्या कोठारापलीकडे फारसा गेला नव्हता. शनिवारी भुयारी गाडीत तो एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने पाकीट धरून उभा होता. आर्डिस मात्र समोरच्या अनोळखी माणसाला हवापाणी विचारत होती.

ऑपेराच्या तिकीटखिडकीवर पोचले तेव्हा उभ्याने ऐकायची स्वस्त तिकिटं संपली होती. उरलेल्या तिकिटांचा भाव ऐकून आर्डिसने हातमोजे पुन्हा चढवले. तेवढ्या पैशांत तिच्या घराला हिवाळाभर ऊब मिळाली असती. कधीकधी लोक दारात जादाचं तिकीट देऊन टाकतात, असं खिडकीतल्या मुलीने सांगितलं. म्हणून दोघं दाराशी वाऱ्यात उभे राहिले.

थोड्या वेळाने फरची कॉलर लावलेली एक बाई सरळ आर्डिसकडे आली. बहीण आजारी पडली होती, तिकीट वाया जात होतं. तिने विचारलं, "हवंय?"

"छे छे," आर्डिस म्हणाली, "तुमच्या ओळखीचं कुणीतरी असेल की."

"बरं," बाई म्हणाली आणि शेजारच्या विद्यार्थिनीच्या हातात तिकीट ठेवून आत गेली.

आर्डिस बघतच राहिली. वर्लिनच्याही लक्षात यायला क्षण गेला. त्यांच्या गावाकडे केकचा तुकडासुद्धा पहिल्यांदा विचारल्यावर कुणी घेत नाही. पहिल्यांदा नको म्हणायचं, दुसऱ्यांदा उगाच त्रास कशाला म्हणायचं, तिसऱ्यांदा विचारलं की घ्यायचं. आणि तिसऱ्यांदा नाही म्हणणं हा अपमान. इथे दुसऱ्यांदासुद्धा कुणी विचारत नव्हतं.

आता दारातली गर्दी आत ओसरू लागली. वर्लिन प्रत्येक येणाऱ्याच्या हाताकडे बघत होता. शेवटी काठी टेकत एक म्हातारा आला. एकच तिकीट आहे, पैसे नकोत, हवं का, म्हणाला. आर्डिसने तोंड उघडलं, आणि ती काय म्हणणार हे वर्लिनला कळलं.

"हो," वर्लिन म्हणाला. "यांना."

त्याचे कान तापले. दुसऱ्यासाठी, तेही पहिल्याच विचारण्याला हो म्हणायचं, असं त्याने जन्मात केलं नव्हतं. तिकीट आर्डिसच्या हातात होतं. आतून घंटा वाजली.

"वर्लिन, तुम्ही जा," ती म्हणाली. "मी काय, रेडिओवर ऐकेन."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"कळायला कशाला हवं? आत ऊब आहे. तुम्ही गारठलात. जा तुम्ही."

दोनदा झालं. तिसऱ्यांदा तिने म्हटलं तर तिकीट घ्यावं लागणार, आणि ती म्हणणार यात शंका नव्हती. वर्लिनने टोपी कानावर ओढली, पाठ फिरवली आणि तिचं वाक्य सुरू व्हायच्या आत समोरच्या चौकातल्या कारंज्याकडे चालू लागला. मागून हाक आली. त्याने ऐकली नाही असं दाखवलं.

वळून पाहिलं तेव्हा दारं मिटली होती आणि तिचा हिरवा कोट दिसत नव्हता. आत गेली की रागावून दुसरीकडे गेली, हे कळायला मार्ग नव्हता. बोलताना बाईमाणसाकडे पाठ फिरवली, रागावली तर चुकलं कुठे? शेजारी ग्रंथालय होतं. तिथे तो ऊब घ्यायला बसायचा आणि लगेच बाहेर येऊन दार बघायचा. ती या शहरात हरवली तर गावात कुठल्या तोंडाने जायचं?

दिवस कलला तेव्हा दारं उघडली. माणसांचा लोंढा आला, पांगला. हिरवा कोट नव्हता. वर्लिन पायऱ्यांपर्यंत गेला, परत आला. मग अगदी शेवटी, जिना जपून उतरत, ती आली. कोट हातावर होता, म्हणून ओळखू आली नव्हती.

दोघं धावतपळत भुयारी गाडीत चढले. बस चुकणार नाही अशी खात्री झाल्यावर त्याने विचारलं.

"कसं झालं?"

"बरं होतं," ती म्हणाली. "जागा पार कडेची. अर्धा रंगमंच दिसतच नव्हता."

"अरेरे."

"दिसायचं काय त्यात? मी डोळे मिटूनच बसले होते."

पाठ फिरवल्याबद्दल ती काही बोलली नाही. त्यानेही विषय काढला नाही. बसमध्ये ती पुढे बायकांत बसली. गावी पोचेपर्यंत तिची मानच त्याला दिसत होती.

चर्चच्या आवारात सगळे बर्फातून आपापल्या गाड्यांकडे पांगले. पुढच्या रविवारी वर्लिन सर्दीने घरी होता, आणि त्याच्या पुढच्या रविवारी आर्डिस राहिली नव्हती. झोपेतच गेली, असं तिच्या लेकीने सांगितलं. म्हणजे आवारात झालं तेच शेवटचं बोलणं. ती आपली पिशवी घेऊन त्याच्या गाडीच्या खिडकीशी थांबली होती.

"गाडी इतके दिवस थंडीत उभी होती," ती म्हणाली. "सुरू होईल ना?"

"होईल बहुतेक."

"बरं तर," आर्डिस म्हणाली.