गच्चीवरच्या टाकीच्या तारा

लखनऊला आम्ही वरच्या मजल्यावर भाड्यानं राहत होतो. खाली घरमालक एकटेच. मी एका संशोधन संस्थेत नोकरीला. घरात बायको आणि आठ महिन्यांची मुलगी. ऐंशीनंतरची ती वर्षं. पाणी लहरीप्रमाणे येई, म्हणून गच्चीवरच्या टाकीसाठी मी एक यंत्र तयार केलं. टाकीत तांब्याच्या काड्या सोडल्या, त्यांच्या तारा पत्र्याच्या डब्यात नेल्या. पाणी खाली गेलं की पंप आपोआप सुरू, भरलं की बंद. घरच्या विजेचे बारा व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मरसुद्धा मी स्वतः गुंडाळला होता. विकतचा आणणं मला कमीपणाचं वाटायचं.

काही दिवस ठीक चाललं. मग एका संध्याकाळी टाकी कोरडी मिळाली, आणि डब्यावरची एक तार सुटलेली. घट्ट बसवली. दोन दिवसांनी पाहतो तर लाल तार काळीच्या जागी. तारा आपण होऊन जागा बदलत नाहीत.

माझा संशय घरमालकांवर होता, कारण ते फार गोड बोलत. मी साताऱ्याचा, कुणी इतकं अदबीनं बोलायला लागलं की मी आधी खिसा चाचपतो. यंत्र पाहून त्यांनी तोंडभर कौतुक केलं होतं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. शेवटी त्यांना थेट विचारलं, "ऊपर के तार आपने छेड़े क्या?"

ते म्हणाले, "हमसे ही कुछ हिल गया होगा, भाई साहब. माफ़ कीजिएगा."

इतक्या लवकर कबुली? मी त्यांना चार शब्द सुनावले आणि वर येऊन बायकोला सांगितलं, महिनाअखेर हे घर सोडायचं. ती दुपट्यांच्या घड्या घालत होती.

पण मला पुरावा हवा होता. गच्चीच्या दाराला चुंबकाचा स्विच लपवून बसवला आणि त्याची तार माझ्या टेबलावरच्या सेलच्या घड्याळाला जोडली. दार उघडलं की घड्याळ तिथंच थांबणार आणि मी सुरू करेपर्यंत थांबलेलंच राहणार. सोमवारी ते दहा वाजून दहा मिनिटांनी थांबलं. मंगळवारीही. मी खूश होऊन खाली गेलो, तर दाराला कुलूप. शेजाऱ्यांनी सांगितलं, ते रविवारपासून मलिहाबादला बागेत आहेत, आंबा उतरतोय.

मग घरात उरलं कोण? वर येऊन मी बायकोकडे पाहिलं.

"मीच," ती म्हणाली. "नळाला हात लावला की मुंग्या येतात. तुम्हाला सांगितलं, तर म्हणालात, भांडी घासून हात बधिर होतात. पोरीला आंघोळ घालायची असते मला. म्हणून तुम्ही गेलात की तारा काढते, नंतर परत लावते. कधी विसरते, कधी चुकते."

मला राग आला. बारा व्होल्टला घाबरते! मी न्हाणीत रबरी चपला घालून जायचो, मला कधी काही जाणवलं नव्हतं. ती ओल्या फरशीवर अनवाणी बसायची, हे तेव्हा डोक्यातच आलं नाही. तिला खोटं पाडायला टेस्टर घेऊन गच्चीवर गेलो आणि टोक काडीला लावलं. टेस्टरचा दिवा पेटला. मेच्या उन्हात डबा तापून ट्रान्सफॉर्मरच्या दोन वेटोळ्यांमधला वीज अडवणारा कागद करपला होता, आणि घरची वीज सरळ पाण्यात उतरत होती. मी धावत जाऊन मेन स्विच बंद केला.

घरमालक परतले त्या दिवशी मी माफी मागायला गेलो. त्यांना सगळं ठाऊक होतं. "बहू को रोज़ ऊपर जाते देखते थे हम," ते म्हणाले. "सोचा, इल्ज़ाम हम पर रहे तो आपके घर में झगड़ा न हो." मान वर करायची लाज वाटली.

डबा मी काढून टाकला, घर सोडलं नाही. पण पुढे कित्येक महिने मुलीला आंघोळ घालण्याआधी बायको नळाला स्वतःची बोटं लावून पाही, थोडी थांबे, आणि मगच तिला जवळ घेई. मी दारात उभा असलो तरी.