मावशीच्या खानावळीतली तर्री

मी आज पदवीधर आहे, वर्ध्याच्या एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरीला आहे, ते माझ्या मोठ्या मावशीमुळे. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलं नव्हतं. गावात अकरावी नव्हती, म्हणून मावशीने मला हिंगणघाटला नेलं. हायवेलगत तिची खानावळ आहे. तिच्या मागच्या खोलीत मी पाच वर्षं राहिलो, शिकलो आणि दोन्ही वेळा पोटभर जेवलो.

खानावळीत मटण असतं आणि भाजीही असते. मीही तेव्हा सगळं खायचो. नोकरी लागल्यावर एका गोठ्यात गाईची धार काढली जात असताना बाजूला बांधून ठेवलेलं, आईकडे ओढ घेणारं वासरू पाहिलं आणि मटण, अंडी तर सोडलीच, पुढे दूध-तूपही सोडलं. मावशीने भरपूर थट्टा केली.

"चहात दूध नाई, पोळीले तूप नाई. काऊन शिकला बाप्पा एवढा? ढोराचं कुटारच आणून ठेवू का तुह्यासाठी?"

पण त्यानंतर माझ्या पोळीला तिने कधी तूप लावलं नाही.

बाहेर मात्र जेवण म्हणजे चौकशी. "तूप नाही ना?" विचारलं की वाढणारा दुसऱ्या टेबलाकडे बघत "नाही साहेब" म्हणायचा. खरं असेलही. पण घास गिळताना शंका यायचीच. मावशीकडे मी कधीच काही विचारलं नाही.

आमच्या कॉलेजातल्या एक मॅडमही दूध-तूप घेत नाहीत. त्या कुठेही गेल्या तरी डबा सोबत. गेल्या परीक्षेच्या कामाला आम्ही दोघं हिंगणघाटला गेलो, तेव्हा मीच म्हणालो, "मॅडम, आज डबा राहू द्या. माझ्या घरचीच खानावळ आहे." गर्दीची वेळ होती. मावशीने लांबूनच हात केला. आम्ही वांग्याचा रस्सा आणि भाकर खाल्ली. परतीच्या एसटीत मॅडम म्हणाल्या, "किती वर्षांनी बाहेर निर्धास्त जेवले हो." मला फार बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी, एका रविवारी, मी मावशीच्या स्वयंपाकघरात कांदे चिरत बसलो होतो. ती मटणाच्या पातेल्याजवळ गेली, वर आलेली लाल तर्री डावाने अलगद काढली आणि शेजारच्या वांग्याच्या रश्श्यावर ओतली. एकदा, दोनदा, तीनदा.

"मावशी, हे काय करून राह्यली?"

"काय म्हणजे? तर्रीबिगर रस्सा कोण खाईन? रंग कुठून येईन?"

"अगं, मटणाची आहे ती!"

"पीस टाकला का मी? वरचं तेल हाये ते. तुही भाजी त मी आधीच काढून ठेवत असते."

"आणि मॅडमला घेऊन आलो होतो त्या दिवशी?"

तिचा हात थांबला. "त्या दिवशी गर्दी होती. तुमचं ताट बाहेरच्या पातेल्यातूनच वाढलं. तू तरी येतो म्हणून कुठं सांगतलं होतं?" मग जरा चिडून, "एवढ्या वर्षांत कोणी मेलं का तर्रीनं?"

मी कांदे तसेच ठेवून उठलो. मावशी खोटं बोलली नव्हती. तिच्या लेखी पीस पडला की मटण, नाहीतर भाजी. रोज किती माणसं तिला "भाजी शाकाहारी आहे ना?" विचारत असतील, आणि ती स्वच्छ मनाने "हो" म्हणत असेल.

मॅडमना सांगायला मला आठ दिवस लागले. त्या ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मी तुमच्या भरवशावर विचारलं नाही. तुम्ही कोणाच्या भरवशावर विचारलं नाही?"

मावशीचे फोन येत राहिले, पण फोनवर मी हवापाण्याचंच बोलायचो. शेवटी पत्र लिहिलं.

ती. मावशीस सा. नमस्कार.

तुझ्या घरचं खाऊनच मी शिकलो. म्हणून हे लिहिताना लाज वाटते. पण मॅडम माझ्या शब्दावर जेवल्या आणि माझा शब्द खोटा ठरला. त्यात तुझ्याइतकीच माझी चूक आहे. मी तुला आधी सांगायला हवं होतं.

मटण बंद कर, असं मी म्हणत नाही. वांग्याच्या रश्श्याची तर्री वेगळी कर. लाल तिखट तेलात सोडलं की रंग येतो, मी स्वतः करून दाखवतो. डावही वेगळा ठेव. हे जमत नसेल तर कोणी विचारलं की खरं सांग, "वरचं तेल मटणाचं आहे." काही गिऱ्हाईक उठून जाईल. जाऊ दे. जो उठून जाईल, त्याला ते कळायलाच हवं होतं.

तू म्हणशील, शिकवलं आणि आता मलाच शिकवतो. तसं नाही गं. बाहेर कोणावर विश्वास ठेवावा हे मला आधीही कळत नव्हतं, पण तुझं एक ठिकाण होतं. आता तिथेही मला विचारावं लागेल, याचं फार वाईट वाटतं.

रविवारी येतो. पातेल्यापाशी उभा राहीन, रागावू नकोस.

तुझा भाचा