परत केलेलं नाव

माझ्या लग्नात माझं नाव चोरीला गेलं, आणि चोर कोण ते मांडवातल्या सगळ्यांना माहीत होतं. ती पहिल्या रांगेत बसली होती, जरीच्या साडीत, आणि माझ्याकडे बघून हसत होती.

ती म्हणजे माझी थोरली नणंद. झालं होतं असं, की तिचं आणि माझं नाव एकच. लग्न ठरताना दोन्हीकडच्यांना याची गंमत वाटली होती. जांभूळला, माझ्या माहेरच्या गावी, आमच्या ओटीवर चहा पिताना सासरे म्हणालेसुद्धा, "एक मुलगी दिली, त्याच नावाची दुसरी आणली." मलाही ते बरं वाटलं. पण लग्नाला आठवडा उरला असताना नणंदेचा निरोप आला. घरात एका नावाच्या दोघी नकोत, मुलीचं नाव बदलायचं.

आता घरात दोघी होत्या कुठे? तिचं लग्न माझ्या कितीतरी आधी झालेलं. राहायची अंबरनाथ पश्चिमेलाच, आमच्या सासरपासून दोन गल्ल्या सोडून, पण स्वतःच्या घरात. आणि तिच्या लग्नात सासरच्यांनी तिचं नाव बदलायचा विषय काढला, तेव्हा तिनं साफ सांगितलं होतं, "माझं नाव मला आवडतं. ते राहील." राहिलं. मला कुणी विचारलंच नाही.

मांडवात तांदळाचं ताट आलं. माझं माहेरचं नाव दोन अक्षरांचं. भाताच्या खाचरातून हाक मारली तरी घरापर्यंत पोचायचं. नवं चार अक्षरांचं, त्यात एक जोडाक्षर. नवऱ्यानं अंगठीनं ते तांदळात लिहिलं आणि जोडाक्षर चुकवलं. नणंद उठली, त्याचा हात धरून तिनं ते दुरुस्त केलं. टाळ्या वाजल्या. पाठवणीच्या वेळी आईनं मला जवळ घेतलं आणि कानात विचारलं, "आता तुला काय म्हणून हाक मारू गो?" त्याच संध्याकाळी सासरच्या उंबऱ्यावर सगळ्या बायका मला अडवून उभ्या, नवऱ्याचं नाव घे म्हणून. मी घेतलं, उखाण्यात, यमक जुळवून. स्वतःचं गमावलेल्या माणसानं दुसऱ्याचं घ्यायचं, अशी ती रीत.

मराठीत 'नाव ठेवणं' आणि 'नावं ठेवणं' यात एका टिंबाचं अंतर आहे. माझ्या नणंदेनं ते अंतर पहिल्या पंधरवड्यात कापलं. आधी मला नाव ठेवलं, मग नावं ठेवायला लागली. भाकरी जाड, बोलणं गावंढळ, चालताना पाय आपटते. मी उलट काही बोलले की म्हणायची, "जांभूळची आहे ना, जीभ रंगलेलीच असणार."

इतकं असूनही मी ते नवं नाव घालून फिरत होते, मापाच्या नसलेल्या ब्लाउजसारखं. पण एका दुपारी सासूबाई आणि मी मेथी निवडत बसलो होतो. त्या सहज बोलून गेल्या, "तुझं हे नाव आम्ही आधी थोरलीलाच ठेवणार होतो. बारशाला आत्यानं तेच सुचवलं होतं. पण हाक मारायला जड, म्हणून टाकून दिलं."

मी मेथीची जुडी खाली ठेवली. म्हणजे मला मिळालं होतं ते तिनं न वापरलेलं, टाकून दिलेलं नाव. तिच्या जुन्या साड्या मला यायच्याच, त्यातलंच हेही. त्या दिवशी मी मनात ठरवलं, हे नाव एक दिवस हिला परत करायचं. कसं करायचं, ते सुचत नव्हतं. पण ठरवलेलं सोडलं नाही.

तोपर्यंत जमेल तेवढा सूड सुरू केला. त्या नावानं नणंदेनं हाक मारली की पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही. दुसरीलाही नाही. तिसरीला मान वळवायची आणि म्हणायचं, "मला म्हणालात का, ताई?" हिंदीत 'सुन' म्हणजे ऐक. मराठीत सून म्हणजेही तेच, असं आमच्या घरात सगळे धरून चालत. मी ऐकणं सोडून दिलं.

काही महिन्यांत नणंदेनं सगळ्या नातेवाइकांत पसरवलं, की वहिनीला कमी ऐकू येतं. नवरा घाबरला. मला उल्हासनगरला कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. नणंदही सोबत आली, तिला निदान ऐकायचं होतं. आम्ही तिघं बाकावर बसलो. कंपाउंडरनं कागद बघून माझं नाव पुकारलं. मी बसून राहिले. त्यानं पुन्हा पुकारलं. समोरची एक म्हातारी मागे वळून बघायला लागली, कोण आहे ही बाई म्हणून. नणंद नवऱ्याला म्हणाली, "बघितलंस? मी काय सांगत होते." नवऱ्यानं दंडाला धरून उठवलं तेव्हा मी उठले.

आत डॉक्टरांनी कानाला यंत्र लावलं. आवाज आला की बटण दाबायचं. मी एकूण एक आवाजाला बटण दाबलं, डासाएवढ्या आवाजालासुद्धा. डॉक्टर म्हणाले, "कान एकदम छान आहेत. घरी सगळं ठीक आहे ना?" नवरा फी द्यायला खिसा चाचपायला लागला. नणंदेला मात्र सगळं कळलं. जिन्यावरून उतरताना ती माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, "सोंग करतेस." मी म्हटलं, "काय म्हणालात, ताई?"

वर्षं गेली. सासू-सासरे गेले, आम्ही बदलापूरला बेलवलीत फ्लॅट घेतला, मुलगा शिकून नोकरीला लागला. मग मी उल्हासनगरला एका सिंधी कुटुंबाच्या कपड्यांच्या दुकानात कामाला लागले. पहिल्या दिवशी शेठनं विचारलं, "नाम?" आणि माझ्या तोंडून माझं नाव निघालं. माझं, दोन अक्षरांचं. किती वर्षांनी ते जिभेवर आलं होतं. शेठनं "अच्छा" म्हटलं आणि कुडत्यांचा गठ्ठा पुढे सरकवला. त्याला ती रोजचीच गोष्ट. मी मागे गोदामात जाऊन दोन मिनिटं उभी राहिले. शेठची आई मला पुढे 'अदी' म्हणायला लागली, म्हणजे ताई. तेही चाललं. ते तिनं मला दिलं होतं, माझं काही काढून घेतलं नव्हतं.

दुकानातल्याच एका बाईनं मला अंबरनाथच्या ध्यानवर्गात नेलं. एका सोसायटीच्या हॉलमध्ये, सुटीच्या दिवशी सकाळी. चालवणाऱ्या बाई शाळेतून निवृत्त झालेल्या, सगळ्या त्यांना मॅडम म्हणत. दहा-पंधरा बायका, चटया, एक पंखा. तिथे एक प्रकार असे. दोघींनी समोरासमोर बसायचं. एकीनं विचारायचं, "तुम्ही कोण?" दुसरीनं मनात येईल ते सांगायचं. उत्तरावर काही बोलायचं नाही, फक्त पुन्हा तेच विचारायचं. मॅडम म्हणत, सांगता सांगता सगळं गळून पडतं आणि मागे खरं ते राहतं. मीही सांगत गेले. आई, सून, बायको, सेल्सवाली, जांभूळची मुलगी. गळत गेलं सगळं, आणि मागे काय राहिलं म्हणाल तर राग. स्वच्छ, कुणाची भेसळ नसलेला, संपूर्ण माझा. मी मॅडमना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, "बसत राहा."

बसत राहिले. आणि एका सकाळी दारात नणंद उभी. गुडघे दुखत होते, शुगर वाढली होती, मिस्टर वारल्यापासून घरात करमत नव्हतं. मुलीनं तिला इथे आणून सोडलं होतं. मला बघून ती म्हणाली, "अगं, तू इथे?"

ओळख करून देताना तिनं नाव सांगितलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "अरे वा, तुमच्या दोघींचं एकच की." नणंद म्हणाली, "नाही हो, हिचं नाव वेगळं आहे." सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "इथे माझं हेच नाव आहे. माझ्या आईवडिलांनी ठेवलेलं." तिनं चटई उलगडायला घेतली.

त्या दिवशी ध्यान चालू असताना मॅडमनी मला नावानं काही सूचना केली. आम्ही दोघींनी डोळे उघडले. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. शेवटी मॅडम म्हणाल्या, "गोंधळ होतोय. नवीन आल्यात त्यांना आपण दुसऱ्या नावानं हाक मारूया का? चालेल?"

नणंद म्हणाली, "दुसऱ्या कशाला? माझं नाव आहे ना मला."

मी म्हटलं, "मॅडम, मी सुचवू का?" आणि सांगितलं. चार अक्षरं, जोडाक्षरासकट, प्रत्येक अक्षर सुटं करून.

नणंदेचा चेहरा उतरला. मी तिच्याकडे वळून म्हटलं, "ताई, हे मुळात तुमचंच. बारशालाच तुम्हाला मिळायचं होतं. मी जपून वापरलंय."

"हे कुणी सांगितलं तुला?"

"सासूबाईंनी."

बायकांना वाटलं, किती प्रेमाचं नातं आहे. एकीनं तर म्हटलं, "किती गोड नाव आहे हो." आणि ते ठरून गेलं.

घरी येताना मी स्टेशनबाहेर उभं राहून उसाचा रस प्यायले. इतका गोड रस मी आयुष्यात प्यायले नव्हते.

पुढच्या खेपेला मॅडमनी आमची जोडी लावली. पहिली विचारायची पाळी माझी. असा प्रश्न मला कुणी फुकट हातात देईल असं स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"तुम्ही कोण?"

"तुला माहीत नाही होय? तुझी नणंद."

"तुम्ही कोण?"

"दोन मुलांची आई."

"तुम्ही कोण?"

"अंबरनाथला राहते. बँकेत होते."

"तुम्ही कोण?"

"पुरे गं."

"ताई, नियम आहे. तुम्ही कोण?"

तिनं तिचं, म्हणजे आमचं, दोन अक्षरांचं नाव सांगितलं. मी पुन्हा म्हटलं, "तुम्ही कोण?" ती मॅडमकडे बघायला लागली. मॅडम डोळे मिटून बसल्या होत्या. मग नणंद खाली बघून म्हणाली, "आता काय बाई सांगू. कोणी नाही." तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. मला वाटलं, उंबऱ्यावर मी अशीच उभी होते.

मग पाळी बदलली. ती विचारत गेली, आणि मी दर वेळी माझं नाव सांगत गेले. तेच, पुन्हा पुन्हा. शेवटी मॅडमच म्हणाल्या, "नावाच्या पलीकडे जायचंय आपल्याला."

"जाईन, मॅडम," मी म्हटलं. "आत्ता कुठे नावापर्यंत पोचलेय."

इथवर सगळं माझ्या मनासारखं झालं. पुढचं मात्र नाही. वर्गातल्या बायका नणंदेला त्या चार अक्षरी नावानं हाक मारत. जीव लावून मारत. एकीनं त्याचं दोन अक्षरी लाडकं रूप केलं. कुणी तिच्यासाठी नाचणीचे लाडू आणायची, कुणी हात धरून रिक्षापर्यंत पोचवायची. दोन-तीन महिन्यांत नणंद फुलली. एका सकाळी मला म्हणाली, "किती छान नाव आहे गं हे. आमच्या आत्याला कळत होतं. तू कधी नीट वापरलंच नाहीस."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. पंचवीसेक वर्षं मी ते अंगावर वागवलं, एकानंही ते लाडानं उच्चारलं नाही. आणि हिच्या हाती जाताच त्याला लाडकं रूपसुद्धा आलं. मला ते परत नको होतं. पण तिला ते आवडायलाही नको होतं. मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "बघा, काय काय धरून ठेवलंय." बघितलं. बरंच होतं.

मग मी मोर्चा नवऱ्याकडे वळवला. त्याला सांगितलं, आजपासून मला माहेरच्या नावानं हाक मार. तो म्हणाला, "अगं, ते ताईचं नाव. बहिणीला हाक मारल्यासारखं वाटतं."

"मग हाक मारू नकोस."

तेव्हापासून तो हाक मारत नाही. काही हवं असेल तर उठून मी असेन तिथे येतो आणि समोर उभा राहून बोलतो. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्याला कळलं, की आमच्या गॅलरीत तुळशीशेजारी अळू लावलंय. पहिल्या दिवशी तो स्वयंपाकघराच्या दारात आला आणि म्हणाला, "चहा करतेस?" मी म्हटलं, "तू कर, दोन कप." त्यानं केला. साखर जास्त झाली होती, मी ते सांगितलं.

नणंद आणि मी अजून वर्गाला जातो. प्रेमाबिमाचं नातं काही झालेलं नाही. सणाला ती साडी देते, नवी, मी घेते. हॉलमध्ये भिंतीजवळ एकच जागा अशी आहे, जिथे पाठ टेकून बसता येतं. मी लवकर पोचते आणि तिथे चटई टाकते. नणंद मागाहून येते, गुडघे धरत खाली बसते आणि हळूच म्हणते, "जरा सरक ना."

माझे डोळे मिटलेले असतात. ध्यानात माणसानं बाहेरचं काही ऐकू नये, असं मॅडमच सांगतात.